आधीं जाण्याचा हक्क

वाट अरुंद असावी, जाणारे पुष्कळ असावेत, आणि प्रत्येकाला आपलेंच काम तातडीचें वाटावें, ही स्थिति मनुष्याच्या संसारांत नवी नाहीं. पाणवठ्यावर, नदीच्या उतारावर, देवळाच्या गाभाऱ्यापुढें ती नित्य येते. आधीं कोणीं जावें आणि कोणीं थांबावें याचा निवाडा कधीं बळानें, कधीं पैशानें, कधीं पदानें, आणि क्वचित् न्यायानें होत आला आहे. आज तोच निवाडा डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वाटेवर क्षणोक्षणीं लक्षावधि वेळां होत असतो; ती वाट म्हणजे इंटरनेट. तिच्यावरील रहदारीला वळण लावणें, निकडीच्या संदेशांना अग्रक्रम देणें, आणि कोणाला किती वहनक्षमता, म्हणजे तज्ज्ञ लोक जिला बँडविड्थ म्हणतात ती, हमखास मिळावी हें ठरविणें, ही आतां एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे. ही विद्या यंत्रज्ञांच्या खोलींत जन्मली असें सामान्यतः समजतात. मला तसें वाटत नाहीं. तिचीं मुळें फार जुन्या रहदारींत आहेत, आणि तीं शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. माहीमच्या खाडीवर उभें राहिलें तरी पुरे.

मुंबई बेटाच्या उत्तर टोंकाला माहीम, मधें खाडी, आणि पलीकडे वांद्रें. अंतर हांकेच्या पलीकडचें, पण फार नव्हे. तरीही कित्येक शतकें तें ओलांडणें हा मोठाच खटाटोप होता. भरतीला होडी, ओहोटीला चिखल, आणि पावसाळ्यांत दोन्हींचा भरंवसा नाहीं. अशा अरुंद जागीं नाका बसणें अपरिहार्यच असतें. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं मुंबई बेटावर जकातीचीं ठाणीं होतीं त्यांपैकीं एक माहिमास होतें. तिकडे साष्टीचे पोर्तुगीज ठाण्याच्या व करंजाच्या वाटेनें जाणाऱ्या होड्यांवर आपला कर बसवीत, आणि त्यावरून दोन्ही पक्षांची तक्रार वर्षानुवर्षें चाले. १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसई घेतली, साष्टी पेशव्यांकडे गेली, १७७४ मध्यें ती इंग्रजांनीं जिंकली. धनी बदलले, पण खाडी तीच राहिली, आणि खाडीवर बसणाऱ्याचा हात पुढें पसरलेला तोही तसाच राहिला. ज्याच्या हातीं चिंचोळी जागा असते, त्याच्या हातीं पलीकडच्या साऱ्या मुलखाची नाडी असते. हें सूत्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें; पुढें तें पुन्हां भेटेल.

साष्टीशीं पक्क्या वाटेनें जोडण्याचा पहिला उद्योग शिवेच्या बाजूस झाला. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दींत, एकोणिसावें शतक उजाडतांना, शीवचा बांध पुरा झाला; त्यावर कांहीं वर्षें जकातही घेतली जाई. माहीमच्या बाजूस मात्र होडीच राहिली. या बांधासाठीं पैसा घालण्यास कंपनी सरकार राजी नव्हतें. तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनीं आपल्या पदरचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ सालीं माहीमचा बांध उभा राहिला. माहिमांतून दादरकडे जाणारा लेडी जमशेटजी रोड हें नांव त्यांचेंच. या देणगीबरोबर बाईंनीं एक अट घातली होती असें परंपरेनें सांगतात: या वाटेनें जाणाऱ्या कोणापासूनही सरकारनें जकात घेऊं नये.

या अटीचा अर्थ आज नव्यानें पाहण्यासारखा आहे. कोळ्याची पाटी असो, पारशी शेटाची बग्गी असो, गवळ्याच्या म्हशी असोत, बांध कोणाला विचारीत नाहीं. पैसा देऊन पुढें जातां येत नाहीं, आणि पैसा नाहीं म्हणून मागें राहावें लागत नाहीं. आजच्या परिभाषेंत जिला नेटची तटस्थता म्हणतात, तिचें इतकें स्वच्छ उदाहरण दगडचुन्यांत बांधलेलें दुसरें मला ठाऊक नाहीं. तथापि मोफत वाटेची एक बाजू आणखी आहे, ती लपविणें इतिहासाला शोभणार नाहीं. वाट सर्वांची असली कीं गर्दीही सर्वांची असते. ज्या दिवशीं बांधावर गाड्यांची रांग लागते, त्या दिवशीं प्रसूतीच्या वेणा देणारी स्त्री आणि हवा खावयास निघालेला गृहस्थ दोघांनाही सारखेंच तिष्ठावें लागतें. कोणासही अग्रक्रम नाहीं याचा अर्थ प्रत्येकास न्याय मिळाला असा नेहमीं होतोच असें नाहीं.

२००९ सालीं वांद्रें ते वरळी असा सागरी सेतु खुला झाला. साडेपांच किलोमीटरांहून थोडी अधिक लांबी, जाण्यायेण्याच्या मिळून आठ मार्गिका, आणि टोल. दुचाकी, तिचाकी आणि पादचारी यांना त्यावर मज्जाव. अशा रीतीनें माहीमच्या उपसागराच्या तोंडावर दोन तत्त्वें समोरासमोर उभीं राहिलीं: आंत अवाबाईंचा बांध, सर्वांना खुला व मंद, बाहेर सेतु, पैसे भरणाऱ्या विशिष्ट वर्गाला खुला व शीघ्र. (रिक्षांची गोष्ट तर याहून कडक. उपनगरांत हजारोंनीं फिरणारी रिक्षा माहीम व शीव यांच्या दक्षिणेस मुळीं येऊंच शकत नाहीं. गर्दी झाल्यावर निवडानिवड करण्यापेक्षां दारावरच अडवावें, ही युक्ति नेटच्या यंत्रज्ञांनाही फार प्रिय आहे.) सेतूमुळें बांधावरची गर्दी हलकी झाली, म्हणून तो बांधाच्या वाटसरूंनाही उपकारकच, असा युक्तिवाद करतां येतो, आणि तो अगदींच खोटा नाहीं. पण हा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे. सेतु ही नवी वाट होती. जुन्या बांधाच्याच चार पट्ट्यांपैकीं दोन काढून घेऊन त्यांवर टोल बसविला असता, तर त्याला उपकार कोणी म्हटलें नसतें. नवी क्षमता विकणें आणि असलेली क्षमता तोडून विकणें यांतील भेद हा या सबंध वादाचा गाभा आहे.

बांधाहूनही बोलका दाखला रेल्वेचा. १८६७ च्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळीं एक जाई, संध्याकाळीं एक परते. तिच्या थांब्यांत माहीम होतें. दिवसाला एक गाडी असतां अग्रक्रमाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. पुढें गाड्या वाढल्या, १९२८ च्या जानेवारींत कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी धांवूं लागली, रुळांच्या जोड्या वाढल्या, आणि मग कंपनीला तें करावें लागलें जें प्रत्येक जाळ्याला शेवटीं करावें लागतें: रहदारीचे वर्ग पाडणें. धिम्या गाडीचे रूळ वेगळे, जलद गाडीचे वेगळे. माहीमचा माणूस हें तत्त्व पुस्तकांतून शिकत नाहीं. जलद गाडी दादरला थांबते, वांद्ऱ्याला थांबते, आणि मधल्या माहीमच्या फलाटावरील माणसांच्या तोंडावर वारा मारून निघून जाते. बोरीवलीच्या प्रवाशाचीं कांहीं मिनिटें वांचावींत म्हणून माहीमकरानें आपला हक्क सोडलेला आहे, किंवा अधिक खरें सांगावयाचें तर, त्याच्याकडून तो न विचारतां सोडवून घेतलेला आहे. त्याच्या मोबदल्यांत त्याला काय मिळालें? धिम्या रुळांवर जलद गाडी त्याला अडवीत नाहीं. त्याची गति संथ, पण त्याची स्वतःची. यालाच हमी म्हणतात.

एकाच गाडींतही वर्ग आहेतच. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, स्त्रियांचे डबे, अपंगांचा व कर्करोग्यांचा डबा, आणि मालाचा डबा, ज्यांत कोळिणींच्या पाट्या आणि डबेवाल्यांच्या चौकटी चढतात. परळच्या टाटा रुग्णालयाला जाणारा रोगी सकाळच्या गर्दींत इतरांशीं रेटारेटी करूं शकत नाहीं. त्याला दोन हातांची जागा राखून ठेवली नाहीं तर गाडी असूनही त्याच्यापुरती ती नाहींच. राखीव जागेचें समर्थन याहून अधिक शब्दांत करण्याची गरज नाहीं. पण राखीव जागेचा दोषही याच गाडींत दिसतो. दुपारीं राखीव डब्यांत चार माणसें पाय पसरून बसलेलीं असतात आणि शेजारच्या दुसऱ्या वर्गांत माणसें दांड्याला लोंबत असतात. रेल्वेनें यावर एक चतुर तोड काढलेली आहे. स्त्रियांचे कांहीं डबे अष्टौप्रहर राखीव असतात, तर कांहीं ठराविक वेळेपुरतेच. त्या वेळेबाहेर ते सर्वांना खुले. हक्क धन्याचा, पण धनी जागेवर नसेल तेव्हां ती शेजाऱ्याला उसनी. इंटरनेटच्या यंत्रांत आज वहनक्षमतेची वांटणी करणारी जी उत्तम व्यवस्था आहे तिचें तत्त्व अक्षरशः हेंच आहे: प्रत्येक वर्गाला किमान वांटा हमखास, आणि एकाचा वांटा पडून असेल तर तो दुसऱ्यानें वापरावा, मात्र धनी परत येतांच सोडावा. १९९२ च्या मे महिन्यांत चर्चगेट ते बोरीवली अशी सबंध गाडीच स्त्रियांसाठीं निघाली, ती याच विचाराची पुढची पायरी.

माणसांच्या रहदारीवरून संदेशांच्या रहदारीकडे वळतांना मधें तारखातें लागतें. १८५५ सालीं हिंदुस्थानांतली तार सामान्य जनतेस खुली झाली. १८७० मध्यें सुवेझ व एडन यांच्या मार्गें मुंबई समुद्रतळाच्या तारेनें विलायतेशीं जोडली गेली. या तारेवर एका वेळीं किती मजकूर जाईल त्याला सक्त मर्यादा होती, आणि म्हणून कोणाचा मजकूर आधीं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. १८६५ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय करारांत सरकारी तार, खात्याची तार व खासगी तार असे दर्जे मान्य झाले. पुढें खासगी तारेंतही जादा दर भरून तातडीची तार पाठविण्याची सोय आली. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तातडीची, साधी आणि सवडीनें जाणारी असे तीन वर्ग होते. या सर्वांच्या डोक्यावर एक वर्ग असा होता कीं ज्याचें नांवच ‘वाट मोकळी करा’ अशा अर्थाचें होतें. लष्करी वा राजकीय आणीबाणीच्या वेळीं असा संदेश आला कीं बाकी सर्व तारा बाजूस ठेवून तो पुढें जाई. कापसाचा भाव, लग्नाचें आमंत्रण, आई अत्यवस्थ असल्याची बातमी, सर्व त्याच्या मागें. परकी सत्तेनें आपला अग्रक्रम किती सहज गृहीत धरला याचें हें एक चिन्ह. पण स्वराज्य आल्यावरही वर्ग राहिलेच. २०१३ च्या जुलै महिन्यांत तारखातें बंद झालें तोंवर ‘एक्स्प्रेस’ तारेचा मान साध्या तारेहून मोठाच होता.

ट्रंक कॉलचा काळ ज्यांनीं पाहिला त्यांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. साधा कॉल नोंदवून घरांतलीं माणसें तासन् तास यंत्राभोंवतीं बसत. अर्जंटचा दर अधिक. लाइटनिंगचा तर कित्येक पट. गंमत अशी कीं ज्या दिवशीं खरी निकड साऱ्या गांवाला एकदमच येई, म्हणजे महापूर, दंगल किंवा परीक्षांचे निकाल अशा दिवशीं, प्रत्येकजण लाइटनिंग मागे आणि मग लाइटनिंगचीच रांग लागे. सर्वच पालख्या पुढें काढल्या तर पुढें कोणतीच जात नाहीं. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकानें स्वतःच आंकडे फिरवून बोलण्याची सोय झाली, ती हळूहळू देशभर पसरली, आणि वर्गवारी विरून गेली. तिचा अंत कोणत्याही सुधारकाच्या चळवळीनें झाला नाहीं. तारा वाढल्या, क्षमता वाढली, आणि रांगच उरली नाहीं. हाही एक धडा आहे, आणि अनेक यंत्रज्ञ आजही त्यावरच भर देतात. त्यांचें म्हणणें असें कीं वांटणीचे बारीक नियम करीत बसण्यापेक्षां वाट रुंद करा. जाळ्याच्या मध्यभागीं, जेथें कांचतंतूंचे जाड पुंजके धांवतात, तेथें तें बहुतांशीं खरें ठरलें. पण टोंकाशीं, म्हणजे जेथें एका कचेरीला, इस्पितळाला किंवा चाळीला एकच बारीक धागा येतो, तेथें वाट अजून अरुंदच असते, आणि तेथें नियमांवांचून गत्यंतर नसतें.

इंटरनेटच्या वाटेवर अखंड धारा वाहत नाहीं. प्रत्येक मजकूर, चित्र वा आवाज लहान लहान पाकिटांत तोडला जातो. प्रत्येक पाकीट स्वतंत्रपणें प्रवास करतें, आणि वाटेंतल्या प्रत्येक चौकांत राउटर नांवाचें यंत्र तें घेऊन पुढच्या वाटेवर सोडतें. बाहेर जाणाऱ्या वाटेहून आंत येणारीं पाकिटें अधिक झालीं कीं तीं चौकांत रांगेनें उभीं राहतात, आणि रांगेची जागा भरली कीं नवीं आलेलीं फेंकून दिलीं जातात. हें जाळें ज्या नियमांवर चालतें त्यांचा मुख्य मसुदा १९८१ सालचा. त्यांतच प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर तीन बिंदूंची एक जागा अग्रक्रमासाठीं ठेवलेली होती, आणि तिच्या पायऱ्यांचीं नांवें पाहिलीं तर जुन्या तारबाबूला गहिंवर येईल: साधारण, अग्रक्रमाचें, तात्काळ, विजेसारखें, आणि त्याहीवरचें. अमेरिकेच्या लष्करी संदेशांचे दर्जे जसेच्या तसे उचललेले होते. पण ही जागा बरींच वर्षें बहुतेक ठिकाणीं रिकामीच राहिली. सर्व पाकिटांना एकच रांग, जो आधीं आला तो आधीं गेला, असाच परिपाठ चालू राहिला. अवाबाईंच्या बांधासारखा.

१९८६ च्या ऑक्टोबरांत या परिपाठाचा पहिला मोठा फजितवाडा झाला. कॅलिफोर्नियांत बर्कली येथील प्रयोगशाळा आणि तेथलेंच विद्यापीठ यांमध्यें जेमतेम ४०० यार्डांचें अंतर; त्या वाटेवर सेकंदाला ३२,००० बिंदु जात असत, ते एकाएकीं ४० वर आले. कारण मोठें बोधप्रद आहे. रांग लांबली म्हणून पाठविणाऱ्या यंत्रांना वाटलें कीं आपलीं पाकिटें हरवलीं. म्हणून त्यांनीं तींच पुन्हां पाठविलीं. त्यामुळें रांग आणखी लांबली. कोणींही लबाडी केली नव्हती. प्रत्येक यंत्र आपापल्या परीनें शहाणपणानेंच वागत होतें, आणि सर्वांचें शहाणपण मिळून वाट बंद पडली. व्हॅन जेकबसन या संशोधकानें १९८८ मध्यें यावर उपाय मांडला: पाकीट हरवलें तर आपलीच गति एकदम कमी करावी, आणि मग हळूहळू वाढवीत जावें. आजही इंटरनेट चालतें आहे तें मोठ्या प्रमाणांत या स्वेच्छेच्या संयमावर. परंतु संयम न पाळणाऱ्याचें काय, आणि ज्याला उशीर मुळींच सोसत नाहीं त्याचें काय, हे दोन प्रश्न उरलेच. दूरध्वनीवरचा आवाज एका बाजूनें साधारण १५० मिलिसेकंदांहून उशिरा पोंचूं लागला कीं बोलणाऱ्यांची तारांबळ उडते. पत्र तासभर मागें राहिलें तर चालतें. आवाज क्षणभर मागें राहिला तर तो मेलाच.

येथून पुढें वळण लावण्याची विद्या खऱ्या अर्थानें सुरू होते. तिची मूळ कल्पना इतकी घरगुती आहे कीं तिचें शास्त्रीय नांवही बादलीवरूनच पडलें. बुडाला बारीक भोंक असलेली बादली कल्पावी. वरून पाणी कसेंही पडो, एकदम धो धो वा थेंब थेंब, खालून धार एकाच वेगानें पडेल. बादली भरून वाहिली तर वरचें पाणी वायां जाईल. जोनाथन टर्नर यानें १९८६ मध्यें ही कल्पना जाळ्यांच्या संदर्भांत मांडली. आपल्या जुन्या घटिकापात्राच्या बुडालाही असेंच भोंक असे आणि त्यावर लग्नाचे मुहूर्त साधत, म्हणून हें तत्त्व आपणांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. तिची दुसरी जात अधिक उदार आहे. तिच्यांत बादलींत पाणी नसतें, परवाने असतात. ते ठराविक वेगानें जमा होतात, आणि प्रत्येक पाकिटाला बाहेर पडतांना एक परवाना मोडावा लागतो. कांहीं वेळ गप्प बसलेल्याजवळ परवाने सांठतात आणि मग त्याला थोडा वेळ वेगानें धांवतां येतें. पण बादलीच्या मापापलीकडे सांठवण नाहीं. जो मर्यादेबाहेर जातो त्याचें पाकीट फेंकून देणें ही पोलिसी. तें थोपवून धरून सवडीनें सोडणें हें वळण लावणें. मला दुसरी रीत नेहमींच अधिक सुसंस्कृत वाटत आली आहे, जरी थोपवून धरावयास जागा लागते आणि जागेला पैसे पडतात.

यापुढचें पाऊल हमीचें. नाशिक व धुळें या भागांतल्या फड पद्धतीची येथें आठवण होते. बंधाऱ्यावरून निघालेलें पाटाचें पाणी फडाफडांत पाळीनें फिरतें; पाटकरी तें सोडतो; आणि पाणी कमी पडलें तर तुटीचा भार सर्वांनीं मिळून सोसावयाचा. कित्येक शतकें चाललेल्या या व्यवस्थेचें रहस्य असें कीं पाणी किती आहे तें आधीं पाहून मग किती जमीन भिजवावयाची तें ठरवितात. नेटच्या शास्त्रज्ञांनीं हेंच गणितानें सिद्ध केलें. १९८९ मध्यें ॲलन डेमर्स, श्रीनिवासन् केशव व स्कॉट शेंकर यांनीं प्रत्येक वापरणाऱ्याची वेगळी रांग धरून सर्वांना पाळीनें न्याय्य वांटा देण्याची रीत मांडली. १९९३ मध्यें अभय पारेख व रॉबर्ट गॅलगर यांनीं दाखविलें कीं पाठविणाऱ्यानें बादलीची मर्यादा पाळली आणि प्रत्येक चौकानें त्याला ठरलेला वांटा दिला, तर त्याच्या पाकिटाला जास्तींत जास्त किती उशीर होईल तें आधींच सांगतां येतें, मग इतर लोक कितीही धुमाकूळ घालोत. या सिद्धांतांतलें नैतिक तत्त्व मला फार आवडतें: हमी मागणाऱ्यावर आधीं मर्यादा येते. आणि दिलेल्या सर्व हमींची बेरीज वाटेच्या क्षमतेहून अधिक होतां कामा नये. झाली तर ती हमी राहत नाहीं.

प्रत्यक्षांत मात्र इतकी काटेकोर व्यवस्था जगाच्या जाळ्यावर आली नाहीं. प्रत्येक संभाषणासाठीं वाटेंतल्या प्रत्येक चौकांत जागा राखून ठेवण्याची योजना १९९७ पर्यंत कागदावर पुरी झाली, पण कोट्यवधि संभाषणांची नोंद चौकाचौकांत ठेवणें झेपेना. १९९८ च्या अखेरीस दुसरी, सोपी योजना आली: पाकिटाच्या माथ्यावर सहा बिंदूंची खूण करावी आणि चौकानें माणूस न पाहतां केवळ खूण पाहून वर्ग ठरवावा. शिक्का मारण्याचें काम वेशीवर, मान देण्याचें काम आंत.

शिक्का कोण मारणार, येथें मात्र गणित संपतें आणि राजकारण सुरू होतें. १९९५ च्या ऑगस्टांत विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सामान्य ग्राहकांस खुलें केलें, त्या वेळीं त्याचा वेग इतका तुटपुंजा होता कीं वर्गवारीची चैन परवडणारी नव्हती. वीस वर्षांनीं चित्र पालटलें. दूरध्वनि कंपन्या कांहीं सेवा फुकट किंवा स्वस्त देऊन बाकीच्यांना महाग ठेवण्याच्या योजना आखूं लागल्या. चिंचोळ्या जागीं बसलेल्याचें तें जुनें सूत्र पुन्हां भेटलें. २०१५ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें लोकमत मागविलें तेव्हां दहा लाखांहून अधिक पत्रें गेलीं, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं प्राधिकरणानें मजकूर पाहून दर बदलण्यास बंदी केली. २०१८ मध्यें केंद्र सरकारनें तटस्थतेचें तत्त्व परवान्यांच्या अटींत घेतलें. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवांना मात्र त्यांतून सूट ठेवली. मला ही सूट योग्य वाटते, पण तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पाहारा ठेवला पाहिजे. कारण विशेष सेवा म्हणजे काय हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे गेला, त्याच्याकडे पुन्हां माहीमचा नाका गेला.

यानंतर दोनच वर्षांनीं मुंबईनें ही सारी विद्या स्वतःच्या अंगावर अनुभवली. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें लोकल बंद पडल्या. घरीं कोंडलेल्या देशाचा भार जाळ्यावर आला, तेव्हां चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्यांनीं मोबाइलवरच्या चित्रांची सुबकता आपण होऊन उतरविली; इस्पितळांना व कचेऱ्यांना वाट मोकळी राहावी म्हणून मनोरंजनानें मागें सरणें, हा वळण लावण्याचा आदर्श नमुनाच होता. जूनमध्यें लोकल पुन्हां निघाल्या त्या केवळ अत्यावश्यक सेवेंतल्या माणसांसाठीं. ऑक्टोबरांत स्त्रियांना गर्दीबाहेरच्या वेळीं मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना प्रवेश खुला झाला, पण पहिल्या गाडीपासून सकाळीं ७ पर्यंत, दुपारीं १२ ते ४, आणि रात्रीं ९ नंतर. कागदावर ही योजना निर्दोष होती. पण ज्याला ९ वाजतां दुकान उघडावयाचें, त्या नालासोपाऱ्याच्या नोकरानें पहाटेची गाडी धरून दादरच्या फलाटावर दोन तास बसून राहावयाचें, हा त्या योजनेचा प्रत्यक्षांतला अर्थ होता. पाकीट रांगेंत थांबलें तर त्याला भूक लागत नाहीं. एवढा एक फरक यंत्रज्ञांच्या उपमांत नेहमीं निसटतो.

त्याच वर्षीं एप्रिलांत, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरांत, मुंबईच्या पोलिसांनीं रस्त्यांवर तीन रंग आणले. डॉक्टर व रुग्णसेवा यांच्या वाहनांवर तांबडा गोल, भाजीपाला व अन्नाच्या वाहनांवर हिरवा, इतर अत्यावश्यक कामांच्या वाहनांवर पिवळा. नाक्यावरच्या शिपायानें रंग पाहावा आणि वाट द्यावी. पाकिटांची मर्यादा दाखविण्यासाठीं यंत्रज्ञांनीं १९९९ मध्यें हेच तीन रंग निवडले होते, फक्त त्यांच्या लेखीं तांबडा सर्वांत शेवटचा. खोटा गोल लावणाऱ्यावर कारवाई होईल असा इशाराही दिलेला होता. पण गोल कागदाचा होता, आणि कागद कोणालाही कापतां येतो. खऱ्या कामाचा माणूस कोणता व रंग लावून निघालेला कोणता हें प्रत्येक गाडी थांबवून विचारल्यावांचून कळेना, आणि थांबवून विचारावें तर ज्याच्यासाठीं वाट मोकळी करावयाची तो डॉक्टरही त्याच रांगेंत उभा. आठवड्याभरांतच पोलिसांनीं रंग मागें घेतले, आणि माहीमच्या बांधावरच्या गाड्या पुन्हां बिनरंगाच्या, एकामागून एक, पुढें सरकूं लागल्या.